डेव्हिएशनवर पास केलेला गुडघा

आमच्या चाकणच्या कारखान्यात आठवड्यातले सगळे अपघात सोमवारी सकाळी व्हायचे. पहिल्या शिफ्टचा भोंगा सातला वाजायचा आणि सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या खोलीच्या दारात पहिला लंगडा हजर. मशीन अजून नीट गरमही झालेली नसायची, माणूस मात्र जखमी.

त्या कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत मी एकतीस वर्षं काढली. खरे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, अर्धा तास बसायचे, दोन-चार जणांचं बीपी बघायचे आणि माझा चहा पिऊन जायचे. उरलेला आठवडा डॉक्टर म्हणजे मी. माझं शिक्षण विचाराल तर मलमपट्टीचा एक कोर्स आणि पुढे स्नायूंच्या मालिशीचा एक डिप्लोमा. पण अंगात पांढरा कोट असायचा, त्यामुळे चाकणपासून मोशीपर्यंत लोक मला डॉक्टर म्हणायचे, आणि लोकांचा उत्साह मोडायचा माझा स्वभाव नाही.

तर सोमवारची दुखापत. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. रविवारी माणूस पडला तर तो स्वतःच्या जबाबदारीवर पडतो. सोमवारी कंपनीत पडला तर औषधपाणी कंपनीचं आणि रजा भरपगारी. म्हणून रविवारी क्रिकेट खेळताना, सासुरवाडीचा पत्रा दुरुस्त करताना किंवा पोराला सायकल शिकवताना मोडलेला माणूस सोमवारी गेटमधून लष्करातल्या जवानासारखा ताठ चालत यायचा, कार्ड पंच करायचा, मशीनपाशी पोहोचायचा आणि ‘आई गं’ म्हणून खाली बसायचा.

हे पकडण्यात माझा हात धरणारा अख्ख्या एमआयडीसीत नव्हता. ताजी सूज लाल असते, हाताला गरम लागते. रात्र गेली की निळी पडते. दुसऱ्या दिवशी कडेनं हिरवट झाक धरते. एकदा तर एकाच्या ढोपराकडे नुसतं बघून मी सांगितलं, की हा गडी काल दुपारी साडेतीनच्या सुमाराला, बायकोच्या माहेरी, आंब्याच्या झाडावरून पडलेला आहे. तो माझ्या पाया पडला. त्याच्या खिशातून डोकावणारी कैरी मला दिसली होती, हे त्याला आजही माहीत नाही.

पकडलेल्यांपैकी किती जणांना मी साहेबांपुढे उभं केलं, ते विचारू नका. दिवाळी अंकात सगळंच लिहायचं नसतं.

मी निवृत्तीनंतरच्या मुदतवाढीवर होतो, तेव्हा आमच्या मालकांना फुटबॉल झाला. झाला म्हणजे गोवर होतो तसा झाला. तात्यासाहेब मूळचे चाकणजवळच्याच गावचे. शेताच्या बांधावर एक जुनी प्रेस मशीन टाकून सुरुवात केली आणि आज मोठमोठ्या गाडी कंपन्यांना पत्र्याचे ब्रॅकेट आणि पट्ट्या पुरवतात. तोवर त्यांचा शौक एकच, बैलगाडा शर्यत. पण भोसरीच्या एका फोर्जिंगवाल्यानं राज्याच्या व्यावसायिक लीगमध्ये टीम उतरवली, तात्यासाहेबांना मॅचला नेलं, काचेच्या खोलीत बसवून काजू खायला घातले, आणि परत येताना गाडीतच तात्यासाहेब म्हणाले, ‘आपलीबी एक टीम पायजे.’

टीमचं नाव ठेवलं ‘चाकण चित्ते’. चित्ता हा जगातला सगळ्यात वेगवान प्राणी, हे मान्य. पण त्याला संध्याकाळी सहाला आमच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये आणून उभा करा, अर्ध्या तासात तो गवत खायला लागेल. खेळाडूंचे दुखणारे पाय बघायला कुणीतरी हवं होतं. बाहेरून फिजिओ आणण्याऐवजी मलाच तिकडे टाकलं. गुडघे तेच, फक्त पँटच्या जागी चड्डी.

खेळाडूंची निवड तात्यासाहेबांनी जातीनं केली. ओळीनं उभे करायचे, पोटऱ्या दाबून बघायच्या, पाठीवर थाप मारायची. आमचे कोच गोव्याचे, फार कमी बोलणारे. पहिल्या दिवशी माझ्या कानात त्यांनी एवढंच विचारलं, की साहेब त्या पोराचे दात का बघतायत?

करारपत्रं बनवायचं काम गेलं देशमान्यांकडे. देशमाने म्हणजे परचेस खात्याचे प्रमुख. स्क्रूपासून क्रेनपर्यंत कारखान्यात येणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या कागदावरून आत यायची. वकील गाठा असं कुणीतरी सुचवलं, तर देशमाने म्हणाले, ‘वकील कशाला, माझ्याकडे फॉरमॅट आहे.’ आणि त्यांनी सुट्या भागांच्या पुरवठादारांशी करतात तो करार काढला आणि त्यात वस्तूच्या नावापुढे ‘फुटबॉल खेळाडू, नग एक’ असं घातलं. पुढची कलमं तशीच. माल इतर ग्राहकास पुरवू नये. माल लाइनवर उपलब्ध न राहिल्यास ऑर्डर रद्द समजावी. रिजेक्ट झालेला माल पुरवठादाराने स्वखर्चाने उचलून न्यावा. ज्या खेळाडूंना एजंट नव्हता त्यांच्या पुरवठादाराचा रकाना रिकामा राहायला लागला आणि कॉम्प्युटर तो रिकामा घेईना. मग देशमान्यांनी तिथे माझं नाव टाकलं. ‘नुसतं फॉर्मसाठी हो,’ म्हणाले. मीही हसत सही केली. त्या काळात मी बऱ्याच गोष्टींवर हसत सही करत होतो.

माल आला की त्याची तपासणी होते. कारखान्यात पास झालेल्या नगाला हिरवं स्टिकर, नापास झालेल्याला लाल. आणि एक तिसरं असतं, पिवळं. ते समजून घ्या, पुढे कामाला येणार आहे. एखादा नग मापापेक्षा केसभर कमी-जास्त निघतो. नियमानं तो परत जायला हवा. पण तिकडे गाडी कंपनीची लाइन थांबायला आलेली असते, ट्रक गेटवर घरघरत असतो. अशा वेळी एक पिवळी स्लिप बनवतात. तिला म्हणतात डेव्हिएशन. तिच्यावर लिहायचं की दोष आम्हाला माहीत आहे, तरीही आम्ही हा नग वापरतो आहोत, आणि खाली मालकाची सही घ्यायची. एकदा ती सही झाली की त्या दोषापायी माल परत करता येत नाही. हे देशमान्यांच्या करारातच होतं, नवव्या कलमात.

टीममध्ये नमुने भरपूर. मधल्या फळीतला एक जण, गोल झाला की, छातीवरच्या चित्त्याचं चुंबन घ्यायचा. त्याआधी तो ज्या तीन टीममध्ये होता तिथल्या वाघाचं, गरुडाचं आणि हत्तीचंही घेऊन झालं होतं. आमच्याकडून गेला तो थेट एका टीममध्ये जिच्या छातीवर ट्रॅक्टर होता, आणि पहिल्याच मॅचला त्यानं ट्रॅक्टरचा मुका घेतला. गोलकीपरच्या मांडीमागचा स्नायू मोबाइलला जोडलेला होता. दुसऱ्या क्लबचा फोन आला की तो दुखायचा, बोलणं फिसकटलं की आपोआप बरा व्हायचा.

तात्यासाहेबांना या प्रकारांचा भारी राग. दर मॅचच्या आधी ते ड्रेसिंग रूममध्ये येऊन इमानावर बोलायचे. आमच्या एका विंगरचं पायाचं हाड मॅचमध्ये मोडलं, तेव्हाही ते असंच बोलून नुकते गेले होते. त्या पोराचं प्लॅस्टर अजून ओलं होतं आणि देशमान्यांचा व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या फोनवर येऊन पडला: ‘माल लाइनवर उपलब्ध नसल्याने ऑर्डर रद्द.’ पोरानं तो मेसेज मला दाखवला आणि विचारलं, ‘डॉक्टर, हे चुकून आलंय का?’ मी म्हटलं, चुकूनच असेल. मला माहीत होतं.

आता संग्राम. संग्राम कोल्हापूरचा, आमचा मुख्य स्ट्रायकर, वय चोवीस. कोल्हापुरात फुटबॉल पेठेपेठेत खेळतात, आणि तिथलं पोर चालायला लागलं की आधी आपल्या पेठेची टीम कुठली ते शिकतं, मग आई-बापाचं नाव. संग्रामचा उजवा पाय असा होता की चेंडू त्याला सोडून जायला नाखूश असायचा. एकदा त्यानं मारलेला चेंडू जाळी फाडून, कुंपण ओलांडून शेजारच्या कंपनीच्या कँटीनमध्ये भाताच्या पातेल्यात पडला, असं मी सगळीकडे सांगतो. जाळी फाटली नव्हती. बाकीचं खरं आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. प्रेस, लेथ, ग्राइंडर, सगळ्यांना झेंडूचे हार. त्या वर्षी तात्यासाहेबांनी टीमलाही बोलावलं. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची तर खेळाडूंचे पाय नकोत का, असा त्यांचा हिशोब. अकरा जणांना स्टुलांवर बसवलं आणि सत्तर वर्षांचा तो माणूस खाली वाकून एकेका गुडघ्याला हळदकुंकू लावत गेला. संग्रामच्या उजव्या गुडघ्यावर तर त्यांनी छोटा हार ठेवला. पोर संकोचून लाल झालं होतं. मला तेव्हा हसू आलं होतं. पण तात्यासाहेबांच्या डोळ्यांत खोट नव्हती, हेही लिहून ठेवतो. माणूस सकाळी खरा असतो आणि दुपारी नसतो, असं मी कारखान्यात पुष्कळदा पाहिलंय.

त्यानंतर पंधरवड्यानं संग्राम माझ्याकडे आला. म्हणाला, ‘काका, वळताना गुडघा जाग्यावरनं सरकतोय बघा.’ मी त्याला आडवं केलं, पाय दुमडला आणि नडगी पुढे ओढली. ती टेबलाच्या खणासारखी पुढे आली. यायला नको होती. आत कुठेतरी दोरी फाटलेली होती, एवढं मला कळलं. एमआरआय काढू द्या, तोवर खेळवू नका, असं मी कोचना सांगितलं आणि ते लगेच कबूल झाले. पण शनिवारी मॅच होती, आणि ती होती भोसरीच्या फोर्जिंगवाल्याशी.

तात्यासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत, उलट पेढा दिला. म्हणाले, पट्टा बांदून एक मॅच काडा, मंग काय फोटो काडायचं ते काडा. मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. तोंडात पेढा होता, हे कारण पुरेसं नाही. मी माझ्या खोलीत आलो, पिवळी स्लिप काढली, तिच्यावर ‘उजवा गुडघा, सैल, दोष ज्ञात’ असं लिहिलं आणि सहीला पाठवली. तात्यासाहेबांनी हिरव्या शाईनं सही केली आणि शेजारी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘खेळवा.’ ती स्लिप मी माझ्या कपाटात ठेवली. मला वाटलं मी फार हुशारी केली.

संग्रामनं भोसरीवर दोन गोल मारले. फोटो राहिला बाजूला, पुढची मॅच आली, मग त्याच्या पुढची. तीन आठवडे मी त्या गुडघ्याला पट्टे बांधत होतो. पार्सलला बांधतात तसे.

मग एका शुक्रवारी संग्रामनं रजा मागितली. चुलत बहिणीचा साखरपुडा. सोमवारी सकाळी सातला तो सरावाला हजर होता. कारखान्यामागच्या प्लॉटवर आमचं मैदान होतं. मी कडेला बर्फाची पेटी घेऊन बसलो होतो आणि गेटमधून येणाऱ्या संग्रामला बघून पेटीचं झाकण उघडलं. तो लष्करातल्या जवानासारखा ताठ चालत होता.

कोचनी शिट्टी वाजवली. चेंडू अजून पिशवीतून बाहेरही निघाला नव्हता. संग्राम चार पावलं पळाला, ‘आई गं’ म्हणाला आणि गुडघा धरून खाली बसला.

मी पोहोचलो. मोजा खाली केला. गुडघा नारळाएवढा, सूज गार, आणि निळा रंग नडगीवरून घोट्यापर्यंत उतरलेला. शिवाय कातडीच्या चुण्यांत सगळीकडे पिवळं. आंबेहळदीचा वास दहा फुटांवरून येत होता. चाकणच्या मुरुमावर पडून कुणाचा गुडघा पिवळा होत नाही.

‘कुठं पडलास?’ मी हळू विचारलं.

‘हितंच की काका. आत्ता. तुमच्यासमोर.’

‘आणि हळद? साखरपुड्यात पाहुण्यांच्या गुडघ्यालाही लावतात वाटतं तुमच्याकडे?’

त्यानं मोजा वर ओढला. मग म्हणाला, ‘पेठंची फायनल होती काका. न जाऊन चालतंय व्हय?’

‘करारावर सही केलीयेस तू.’

‘केली की. पेठंत सहीच न्हाई लागत. करार सहीचा, पेठ जन्माची.’

हे वाक्य त्यानं येताना बसमध्ये पाठ केलं असावं. मी त्याला तसं सांगितलंही. म्हटलं, जन्माची पेठ तुझं ऑपरेशन करणार आहे का? बर्फ लावताना तो माझा हात धरून म्हणाला, ‘काका, ह्यो पाय गेला तर मला दुसरं काय बी येत न्हाई.’

मी विचारलं, ‘गोल किती?’

‘एकच. पण शेवटचा.’

दुपारी त्याला एमआरआयला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, की आतला बंध पूर्ण तुटलाय, ऑपरेशनशिवाय इलाज नाही. मग चष्मा वर करून म्हणाले, ‘यातली अर्धी फाट जुनी आहे. महिनाभर तरी झाला असेल. याला इतके दिवस खेळवलं कुणी?’ मी भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचायला लागलो.

आता माझी परीक्षा होती. माझ्या अहवालावर सगळं ठरणार होतं. दुखापत सोमवारची लिहिली तर ऑपरेशन क्लबचं. रविवारची लिहिली तर संग्रामनं माल दुसऱ्या ग्राहकाला पुरवला, म्हणजे करार मोडला, म्हणजे बॅग उचलायची आणि तो गुडघा घेऊन घरी जायचं.

पण मला ठरवायची संधीच मिळाली नाही. मंगळवारी सकाळी तात्यासाहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. संग्राम कुबड्या घेऊन खुर्चीत, देशमाने फाइल घेऊन उभे, आणि टेबलावर देशमान्यांचा मोबाइल. त्यात कोल्हापूरच्या फायनलचा व्हिडिओ. सगळ्या पेठेनं तो आपापल्या स्टेटसला लावला होता. संग्राम चेंडू घेतो, वळतो, मारतो, गोल, आणि मारता मारताच त्याचा गुडघा आत वळतो. मग पेठ त्याला खांद्यावर घेऊन नाचते, आणि खांद्यावर बसलेला हा गडी एका हातानं गुलाल उधळतोय आणि दुसऱ्यानं गुडघा धरून बसलाय.

तात्यासाहेबांनी तो दोनदा बघितला. ‘गोल मातुर झ्याक हानलाय,’ ते म्हणाले. मग फोन बाजूला सारला. ‘पोरा, इमान कुटं गेलं तुजं?’

‘हितंच हाय साहेब,’ संग्राम म्हणाला. ‘पण आधी तिथं होतं.’

देशमान्यांनी घसा साफ केला आणि कलम वाचलं. माल रिजेक्ट, पुरवठादारानं उचलून न्यावा. वाचताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला आठवलं की पुरवठादार मी आहे.

तात्यासाहेब माझ्याकडे वळले. ‘डॉक्टर, तुमी तीस वर्सं सोमवारवाले धरलेत. तुमीच सांगा. ही दुखापत सोमवारची का रविवारची?’

‘रविवारची, साहेब.’

संग्रामनं माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही. त्याला वाटलं काका फिरले. येताना कपाटातून घेतलेली पिवळी स्लिप मी पांढऱ्या कोटाच्या खिशातून काढली आणि टेबलावर ठेवली.

‘आणि त्याच्या महिनाभर आधीचीही,’ मी म्हटलं. ‘गुडघा तेव्हाच गेला होता. आपल्या मॅचमध्ये. मला माहीत होतं, ते इथं लिहिलंय. खाली सही आहे. देशमानेसाहेब, तुमचं नववं कलम वाचा. डेव्हिएशनवर घेतलेला नग त्याच दोषापायी परत करता येत नाही.’

देशमान्यांनी वाचलं. या माणसाचं मला खरंच कौतुक आहे. मालकाच्या तोंडावर, स्वतःच्याच कराराविरुद्ध, तो सच्चा परचेसवाला म्हणाला, ‘तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.’

तात्यासाहेबांनी स्लिप उचलून स्वतःची हिरवी सही बघितली. मग विचारलं, ‘हे मला दावायला ठिवलंतं व्हय?’

‘नाही साहेब. मला स्वतःला वाचवायला ठेवलं होतं. त्या दिवशी नाही म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही. स्लिप बनवली.’

तात्यासाहेबांची नजर सहीवरून संग्रामच्या गुडघ्यावर गेली. खंडेनवमी त्यांना आठवली की नाही, मी सांगू शकत नाही. मला वाटतं आठवली. कारण बोलले ते त्या गुडघ्याकडे बघूनच. ‘आपरेशन आपन करायचं. चांगल्या दवाखान्यात. पन दुसऱ्याकडं खेळला ते खेळलाच. पोरगं आन डॉक्टर, दोगंबी उद्यापास्नं नकोत.’

माझी मुदतवाढ चालू होती, ती तिथे संपली. निरोपसमारंभ इतका झटपट उरकला की चहा गार व्हायलाही वेळ मिळाला नाही. शाल दिली, ती उलटी पांघरली. भाषणात माझ्या इमानाचा उल्लेख झाला.

संग्रामचं ऑपरेशन नीट पार पडलं. आठवड्यानं देशमान्यांचा फोन आला. क्लबनं दिलेली खोली रिकामी करून हवी आहे आणि माल पुरवठादारानं उचलून न्यावा, असं कलम आहे. आवाजात थोडी शरम होती. मी मेव्हण्याची व्हॅन घेऊन गेलो. क्लबच्या व्हीलचेअरवर बसवून त्याला गेटपर्यंत आणलं, तर वॉचमननं गेटपास पुढे केला. म्हणाला, ‘खुर्ची परत आणून द्यायचीय डॉक्टर. माणसाचं काय लिहिलेलं नाही.’

कोल्हापूरला इतक्यात नेता येत नव्हतं, दर आठवड्याला इथल्या डॉक्टरांना पाय दाखवायचा होता. म्हणून त्याला थेरगावला आमच्या घरी नेलं. डांगे चौकापासून आमच्या बिल्डिंगपर्यंत मी बायकोला फोनवर सगळं समजावून सांगत होतो, करार, कलम, पुरवठादार. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘अहो, माल आधी वर चढवा. पोळ्या गार होतायत.’

आठ महिने तो आमच्याकडे होता. पहिल्या महिन्यात त्याचा गुडघा पोळीच्या घडीएवढाही वाकत नव्हता. तो वाकवायला मी रोज सकाळी त्याच्या मांडीवर बसायचा तेवढा बाकी होतो. चार मजल्यांचा जिना त्यानं इतक्या वेळा चढला-उतरला, की त्याच्या पायऱ्या कोल्हापूरपर्यंत पसरल्या असत्या. मध्ये एकदा पेठेतले सहा जण जीप करून भेटायला आले. एकेक जण दरवाजाएवढा. हॉलमध्ये मावेनात म्हणून दोघे जिन्यात बसले. त्यांनी संग्रामच्या गुडघ्याला हात लावून नमस्कार केला आणि जाताना आंबेहळदीचा डबा ठेवला. तो मी जप्त केला.

पाय बरा झाला तशी बोलणी आली. पहिला फोन तात्यासाहेबांचा. ‘पोराला म्हनावं झालं गेलं इसरून जा. घर हाय आपलं.’ मी फोन संग्रामकडे दिला, त्यानं तो तसाच मला परत दिला. आणि पुढच्या आठवड्यात त्यानं भोसरीच्या फोर्जिंगवाल्याशी करार केला. मी करार वाचायला मागितला. वाचायला लागलो आणि पहिल्याच पानावर ओळखीचं काही दिसलं: ‘फुटबॉल खेळाडू, नग एक.’ देशमाने महिन्याभरापूर्वीच चाकण सोडून भोसरीला गेले होते, फॉरमॅट बरोबर घेऊन. मी पुरवठादाराच्या रकान्यात बघितलं. कुणा वकिलाचं नाव होतं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तात्यासाहेब त्यानंतर एका लग्नात भेटले. माझा हात हातात धरून म्हणाले, ‘डॉक्टर, आजकालच्या पोरांत इमान न्हाई राह्यलं.’ मी म्हटलं, खरंय साहेब. तोंडात जिलबी होती.

या अंकासाठी लिहा म्हणून फोन आला, तेव्हा एका लेखात एवढं सगळं बसेल का, अशी शंका होती. परवा रविवारी संध्याकाळी लिहायला बसलो, अर्ध्यापर्यंत आलो, तर मोबाइल वाजला. संग्राम. मागे ढोल-ताशे आणि शेकडो माणसांचा आरडाओरडा.

‘काका, एक इचारायचं होतं.’

‘बोल.’

‘आंगावरचा हळदीचा डाग कशानं जातोय?’

मी पेन खाली ठेवलं. ‘गुडघा वाकतोय का?’

‘वाकतोय.’

‘पूर्ण?’

‘पूर्ण काका. नुसतं खरचटलंय. शप्पथ.’

‘मग खोबरेल तेल चोळ, वरून बेसन लाव. आणि उद्या सकाळी गेटमधून जाताना फार ताठ चालू नकोस. त्यानंच ओळखू येतं.’